छत्तीस पिनांची केबल

तारीवाडीच्या मच्छीमार सोसायटीत सुभद्रा मालंडकर एकोणीस वर्षं क्लार्क होती. मालवणहून देवबागच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला ही वाडी. समुद्राकडे तोंड करून सोसायटीचा लिलावाचा मांडव, मांडवामागे बर्फाचा कारखाना आणि कारखान्याच्या माडीवर दोन खोल्यांचं ऑफिस. खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं की वरची टेबलं थरथरत. नव्या माणसाला वाटे, भूकंपच झाला. सुभद्रेला ते कळतही नसे.

सत्याण्णव साली ऑफिसात कम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासमोर बसायला कुणी पुरुष तयार होईना. सुभद्रा बसली. कुडाळच्या एका मुलाने सभासदांच्या नोंदीचा प्रोग्राम करून दिला आणि तो पुण्याला नोकरीला निघून गेला. त्यानंतर प्रोग्राम बिघडला तर तो दुरुस्त करणारं माणूस म्हणजे सुभद्राच. कम्प्युटरबरोबर एक रुंद प्रिंटर आला होता. दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद त्यात घालायचा, मध्ये कार्बन, आणि पिनांचे ठोके देत तो एका वेळी तीन प्रती काढायचा. काळ्या पाटीवर नखं ओढावीत तसा त्याचा आवाज.

त्या प्रिंटरवर सुभद्रेचा जीव होता आणि त्याला कारण होतं. दोन हजार तीनच्या निवडणुकीत मतदार यादी हाताने लिहिली होती. यादी बोर्डावर लागली तेव्हा दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात दोन नावं घुसवलेली सापडली. यादी सुभद्रेच्या हातची, म्हणून बोट तिच्याकडे. सहा महिने चौकशी चालली. शेवटी ते अक्षर दुसऱ्याचं निघालं. पण झालं ते वाईट झालं असं तिला कुणी म्हटलं नाही. त्यानंतर कमिटीने ठराव केला: मतदार यादी फक्त कम्प्युटरमधून छापून निघेल, तिला पेन लागणार नाही. तो ठराव सुभद्रेनेच टाईप केला होता.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत पुढची निवडणूक होती. ह्या वेळी यादीत एक मोठा बदल होता. सोसायटीचे एकशे बारा सभासद सगळे पुरुष, होडीवाले आणि खलाशी. आदल्या सप्टेंबरच्या सभेत मासे विकणाऱ्या अडतीस बायकांना सभासद करून घेतलं. त्यांची मागणी साधी होती. बर्फ आधी बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या ट्रकला जायचा आणि उरला तर ह्यांना. मांडवात सावलीची जागाही तशीच. सभासद झालं की दोन्हींवर हक्क सांगता येणार होता. त्या सभेला मत्स्य खात्याचे साहेब समोर बसले होते, म्हणून चेअरमन भिकाजी तांडेल यांनीही हात वर केला. मग घरी जाऊन त्यांनी हिशोब केला असावा. मागच्या खेपेला ते नऊ मतांनी निवडून आले होते. आणि व्यापाऱ्यांच्या ट्रकला बर्फ द्यायची चिठ्ठी त्यांच्याच सहीने निघत होती.

सुभद्रेने अडतीस नावं कम्प्युटरमध्ये चढवली. क्रमांक एकशे तेरा, तुळसा खोबरेकर. शेवटचा क्रमांक एकशे पन्नास.

डिसेंबरात कम्प्युटर मेला. खाऱ्या हवेने आतलं सगळं हिरवं पडलं होतं. नोंदींची प्रत सुभद्रा दर शनिवारी फ्लॉपीवर घेत असे, त्यामुळे नोंदी वाचल्या. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेच्या योजनेतून नवा कम्प्युटर आला. बसवायला मालवणातून एक टेक्निशियन आला होता. जुना प्रोग्राम नव्या मशीनवर सुरू झाला, अडतीस बायका पडद्यावर एकीखाली एक उभ्या राहिल्या आणि सुभद्रेने सुटकेचा श्वास सोडला.

मग टेक्निशियनने प्रिंटरची जाड केबल उचलली, कम्प्युटरच्या पाठीकडे वाकून पाहिलं आणि ती परत खाली ठेवली.

"ताई, हा जोडता येणार नाही. ह्या केबलला जी रुंद खाच लागते ती नव्या मशीनला येतच नाही. आता सगळं यूएसबी. हा भंगारात द्या."

"शुक्रवारी पाचच्या आत यादी लावायची आहे," सुभद्रा म्हणाली.

"मग पेनड्राईव्हवर घ्या नि मालवणात प्रिंट मारा."

तिने त्याला प्रोग्राम दाखवला. त्यात छपाईचा एकच मार्ग होता. कळ दाबली की मजकूर थेट त्या जुन्या खाचेकडे जाणार. फाईल बनवून देणं प्रोग्रामला माहीतच नव्हतं. टेक्निशियनने खांदे उडवले.

भिकाजी दारात उभे राहून ऐकत होते. मागे शिपाई दाजी चहाचे पेले घेऊन.

"सुभद्रा, जूनातली छापील यादी फायलीत आसा मां? तीच लाव बोर्डार."

"तेच्यात एकशे बाराच नावां आसत. बायकांची नावां नाय."

"प्रिंटर चलना नाय, तेका मी काय करू?"

"मगे हातान लिवतंय."

भिकाजींनी चष्मा काढून पुसला. कुणाला लांब ठेवायचं असलं की ते शुद्ध मराठीत शिरत. "हाताने लिहिलेली यादी चालणार नाही, मालंडकर बाई. ठराव तुम्हीच टाईप केलेला आहे."

"नवा प्रिंटर घेऊया."

"त्याला कमिटीचा ठराव लागेल. कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात."

सुभद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस आनंदात आहे, हे तिच्या लक्षात आलं.

"कम्प्युटरातसून छापून काढलंय तर सही करतलात मां?"

"शुक्रवारी पाचपर्यंत काढलीत तर करीन की," ते म्हणाले आणि टेक्निशियनकडे बघून हसले. तोही हसला. दाजी पेले हातात घेऊन उभाच होता.

हे झालं मंगळवारी.

बुधवारी सुभद्रेने रजेचा अर्ज दाजीकडे दिला, जुनी केबल कापडी पिशवीत घातली आणि सावंतवाडीची एसटी पकडली. तिथे कम्प्युटरची तीन दुकानं होती. पहिल्यातल्या माणसाने केबलकडे बघूनच मान हलवली. दुसऱ्याने तिला खुर्ची दिली आणि रंगीत प्रिंटर दाखवायला सुरुवात केली. तो रंगात किती छान फोटो काढतो हे ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या यादीत फोटो नाहीत," आणि उठली. तिसरं दुकान तळ्यामागच्या गल्लीत होतं. तिथल्या दुकानदाराने केबलची दोन्ही टोकं नीट पाहिली.

"अशी केबल असते. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला हाच छत्तीस पिनांचा प्लग. मी कधी ठेवली नाही. पण बांद्याला हायवेवर काशीराम म्हणून ट्रान्सपोर्टवाले आहेत, त्यांनी मुंबईहून मागवली होती. जाऊन बघा."

बांद्याला उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पत्ता विचारावा लागला नाही. ओळीने उभ्या ट्रकांच्या पलीकडे एका गाळ्यातून तिला ओळखीचा आवाज ऐकू आला, पाटीवर नखं ओढल्यासारखा. ती जवळजवळ धावलीच.

काशीराम साठीचे, कपाळावर चष्मा, टेबलावर मालाच्या पावत्यांचा ढीग. त्यांच्या बाजूला हुबेहूब तिच्यासारखाच प्रिंटर पावत्या काढत होता, गुलाबी, पिवळी आणि पांढरी प्रत एकदम. आणि त्याच्या पाठीतून निघालेली केबल एका नव्या कोऱ्या कम्प्युटरच्या छोट्याशा खाचेत गेली होती.

"खंयसून इल्यात?" त्यांनी विचारलं.

सुभद्रेने सांगितलं. पाणी आलं, ते पिऊन झाल्यावर तिने सगळं सांगितलं, बर्फापासून बोर्डापर्यंत.

"माका सगळे सांगतत," ते शेवटी म्हणाले, "काशीराम, ह्यो खटारो फेकून दी, लेझर घे. मी तेंका इचारतंय, लेझरार तीन प्रती एका ठोक्यात येतत काय? गप रवतत." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पण बाये, तू सोसायटीची नोकर. ह्यात तुजा काय जाता? जूनातली यादी लावलंस आसतंस तर कोणी तुका इचारल्यान नसता."

"नावां मीच चढवलंय," सुभद्रा म्हणाली. "ती आसत. जी आसत ती नाय म्हणान बोर्डार लावक माका जमाचा नाय."

काशीरामांनी खण उघडला. आत त्यांची जादा केबल होती, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून ठेवलेली. ती त्यांनी टेबलावर ठेवली पण हात काढला नाही.

"पुढच्या आठवड्यात परत होई. आणि आयक, नुसती केबल लावलंस म्हणजे झाला असां समजा नको. तुजो प्रोग्राम जुनो. तो आपली जुनी खाच सोधतलो, आणि ती तर मशीनाक नाय. तेका फसवक होया. माजो प्रोग्राम तसोच आसा, म्हापशाच्या एका झिलान माका ह्या लिवन दिल्यान."

त्यांनी एका पावतीच्या पाठीवर वहीतून उतरवून दिलं. प्रिंटर आधी नव्या खाचेवर बसवायचा. मग त्याला एक नाव देऊन नेटवर्कवर वाटून टाकायचा, जणू दुसऱ्या मशीनने वापरावा म्हणून. मग काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की जुन्या खाचेकडे जाणारं सगळं ह्या नावाच्या प्रिंटरकडे वळव. सुभद्रेने ती ओळ दोनदा वाचून दाखवली, तिरप्या रेघा कुठल्या बाजूला झुकतात ते विचारून घेतलं आणि चिठ्ठी ब्लाऊजात ठेवली.

गुरुवारी सकाळी नऊला ती ऑफिसात शिरली आणि दारातच थांबली. प्रिंटरच्या टेबलावर धुळीचा चौकोन होता. प्रिंटर नव्हता.

दाजी खिडकीशी उभा होता. तो तिच्याकडे बघेना.

"दाजी, प्रिंटर खंय?"

"चेरमननी सांगल्यानी, भंगारवाल्याक घाल. काल सांजेक कट्टा गावातसून तेचो टेम्पो इल्लो."

"आणि तू घातलंस?"

"माका नोकरी आसा, सुभद्राताय," दाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिने मालमत्तेचं रजिस्टर काढलं. नोंद चौदावी, प्रिंटर एक. सोसायटीच्या लेटरहेडवर तिने चार ओळी लिहिल्या: ही वस्तू संस्थेच्या मालकीची असून विक्रीचा ठराव झालेला नाही, तरी ती ताबडतोब परत करावी. खाली स्वतःची सही केली, हुद्द्यासकट. मग जिना उतरून लिलावाच्या मांडवात गेली.

लिलाव संपत आला होता. तुळसा खोबरेकर बांगड्यांची पाटी लावत होती. पन्नाशीची, उंच, कमरेला काष्टा, आवाज असा की लाटेच्याही पलीकडे जावा. सुभद्रेने तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"कट्ट्याचो भंगारवालो?" तुळसाने हात धुतले. "तो दर बुधवारी माज्याकडसून बांगडे न्हेता. कागद दी हंय."

तिने पाटी शेजारणीवर सोपवली, आणखी दोघींना घेतलं आणि रिक्षा केली.

साडेबाराला जिन्यावर पावलं वाजली. तुळसा डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर माशांची पाटी आणि पाटीत प्रिंटर घेऊन एकेक पायरी चढत होती. मागे दोघीजणी, एकीच्या हातात प्रिंटरचं तुटलेलं झाकण. वरच्या पायरीवर भिकाजी आडवे उभे होते.

"ह्या काय?"

"चेरमननू, वाट सोडा," तुळसा म्हणाली. "जड आसा."

ते क्षणभर हलले नाहीत. तुळसाही हलली नाही. मग ते बाजूला झाले आणि तडक घरी निघून गेले.

सुभद्रेने प्रिंटर पुसला. आत दोन खवले आणि बरीच धूळ होती. कागद सरकवायची मूठ टेम्पोत कुठेतरी पडली होती, तिच्या जागी आता नुसता लोखंडी दांडा राहिला होता. तिने कपाटातली नवी रिबन घातली. केबलचा छत्तीस पिनांचा प्लग प्रिंटरच्या पाठीत बसवून दोन्ही बाजूंच्या तारा चापून लावल्या आणि दुसरं टोक कम्प्युटरला लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी आली, काहीतरी नवं जोडलं गेलंय. पण काय, ते मशीनला ओळखता येईना. तिने यादीतून प्रिंटर स्वतः निवडला. पहिल्यांदा चुकून जुन्या खाचेचं नाव निवडलं गेलं, तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा तिने नव्या खाचेचं नाव निवडलं आणि चाचणीच्या पानाची कळ दाबली.

प्रिंटर किंचाळला. बायका दचकून मागे सरल्या आणि मग हसायला लागल्या. कागदावर काळी स्पष्ट अक्षरं उमटत होती.

पण प्रोग्राममधून यादीची कळ दाबली तर शांतता. तिने चिठ्ठीतली ओळ काळ्या पडद्यावर लिहिली. उत्तर आलं, नेटवर्क सापडत नाही. रेघा तपासल्या, नाव तपासलं, परत लिहिली. तेच उत्तर. आठ-दहा वेळा. बांद्याला फोन लावला तर काशीराम माल घेऊन गोव्याला गेलेले. "फाल्या सकाळी येतले," त्यांचा माणूस म्हणाला. सहाला दाजीने ऑफिस बंद केलं. घरी जाताना सुभद्रेला रडू आलं. ते रागाचं होतं, म्हणून तिने ते पुसलं नाही.

शुक्रवारी सकाळी भारनियमन, अकरापर्यंत वीज नाही. दहा वाजता भिकाजी आले, फायलीतली जूनची यादी काढली आणि खाली मांडवातल्या बोर्डावर स्वतःच्या हाताने चार टाचण्या मारून लावली. बायका जमल्या. त्यांच्यात वाचता येणारी सीता कुबल होती, तिने शेवटचा आकडा वाचला. एकशे बारा.

तुळसा बोर्डाकडे निघाली.

"हात लावा नको," जिन्यावरून सुभद्रा ओरडली. ती धावत खाली आली. "फाडलंस तर उद्या तुजाच नाव येतला. यादी फाडल्यानी म्हणान सगळ्यांची सभासदकी काढूक तेंका कारण मेळात. माका पाचपर्यंत वेळ दी."

"आणि पाचाक जमला नाय तर?"

"मगे तुका काय करूचा ता कर. मी आडयचंय नाय."

वीज आल्यावर तिने पुन्हा बांद्याला फोन लावला. काशीराम होते. त्यांनी तिच्याकडून उत्तराची ओळ अक्षरन् अक्षर वाचून घेतली.

"माज्याकडे दोन मशीनां जोडलेली आसत," ते विचार करत म्हणाले. "म्हणान माका ह्यो त्रास झालो नाय. तुजा मशीन एकटाच. नेटवर्क नाय तर वाटतला खंय? थांब, म्हापशाच्या झिलाक इचारतंय. फोनाकडसून उठा नको."

ती उठली नाही. बारा वाजले, साडेबारा वाजले. भिकाजी आत आले.

"जेवणाची सुट्टी. ऑफिस बंद करायचं आहे. दाजी, किल्ली."

"मी उठूचंय नाय," सुभद्रा म्हणाली.

"काय?"

"तुम्ही बाहेरून कुलूप घाला. मी आत बसते." आता तिनेही शुद्ध मराठी धरली. "पाच वाजेपर्यंत वेळ तुम्ही दिलेला आहे. अजून साडेचार तास आहेत. मी सोसायटीच्या खुर्चीवर बसून सोसायटीचं काम करते आहे. काय कारवाई करायची ती लेखी करा."

भिकाजींचा चेहरा लाल झाला. एकोणीस वर्षांत ती त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. त्यांनी दाजीकडे हात पुढे केला. दाजीने किल्ली खिशातून काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली.

"माका भूक नाय," तो म्हणाला. "मी हयसरच बसतंय."

तेवढ्यात फोन वाजला. भिकाजी पाय आपटत जिना उतरले.

म्हापशाच्या मुलाचं उत्तर सोपं होतं. मशीनला नेटवर्क नसेल तर एक खोटं द्यायचं. कम्प्युटरच्या आतच नेटवर्कचं एक नुसतं नावापुरतं कार्ड असतं, ते बसवलं की मशीनला वाटतं आपण कुणाशी तरी जोडलेले आहोत. कुठल्या यादीत ते मिळेल, कुठे 'होय' म्हणायचं, काशीराम एकेक पायरी सांगत गेले. सुभद्रा खांद्याने फोन कानाशी दाबून करत गेली. मशीन बंद करून सुरू केलं. काळा पडदा उघडला आणि ती ओळ पुन्हा लिहिली.

ह्या वेळी उत्तर आलं, आज्ञा पूर्ण झाली.

तिने प्रोग्राम उघडला, सलग कागदात कार्बन घातले, पहिलं पान हाताने दांडा फिरवून जागेवर आणलं. यादीची कळ दाबली. एक, दोन, तीन सेकंद काहीच नाही. मग ठोके सुरू झाले.

बायकांनी तो आवाज खालून ऐकला आणि जिन्यावर गर्दी झाली. नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत येत होती. पहिली एकशे बारा नावं त्यांनी मुकाट्याने जाऊ दिली. मग सुभद्रा वाचायला लागली.

"एकशे तेरा. तुळसा सोनू खोबरेकर."

"खंयचा ता?" तुळसाने मान पुढे काढली. सुभद्रेने बोट ठेवलं. तुळसा त्या ओळीकडे बघत राहिली. तिला ती वाचता येत नव्हती.

"धाकला दिसता गो माजा नाव," ती म्हणाली.

एकशे पन्नासपर्यंत वाचून झालं तेव्हा दीड वाजला होता. सुभद्रेने कागद फाडला नाही, भोकांच्या कडाही काढल्या नाहीत. तिन्ही प्रती तशाच घडी करून ती भिकाजींच्या घरी सहीसाठी गेली. घरून उत्तर मिळालं, त्यांना बरं नाही, झोपले आहेत.

चार वाजता निवडणूक अधिकाऱ्यांची जीप आली आणि भिकाजीही आले, अगदी ताजेतवाने. अधिकारी चाळिशीचे, दमलेले, त्या दिवशी त्यांना अजून दोन सोसायट्या बघायच्या होत्या. मांडवात बोर्डावर एक यादी आणि सुभद्रेच्या हातात दुसरी.

"ह्यातली खरी कुठली?"

"बोर्डावरची," भिकाजी म्हणाले. "तिच्यावर माझी सही आहे. ही भंगारातून उचलून आणलेल्या प्रिंटरवर काढलेली आहे. तो ह्या मशीनला जोडताच येत नाही असं टेक्निशियनने माझ्यासमोर सांगितलंय. मग हिने हे कागद कुठून छापून आणले देव जाणे. ह्या बाईंची पूर्वी एकदा चौकशी झालेली आहे, साहेब."

सुभद्रेने हातातली यादी पुढे धरली.

"चौकशी झाली. अक्षर माझं नव्हतं, तेही त्यात लिहिलेलं आहे. साहेब, वर चला. तुम्ही आकडा सांगा, मी तुमच्यासमोर छापते."

अधिकारी जिना चढले. त्यांनी केबल कुठून कुठे जाते ते वाकून पाहिलं. "एकशे सत्तावीस," ते म्हणाले. प्रिंटर किंचाळला आणि एक ओळ उमटली. सुभद्रेने वाचलं, "सुलभा सुबोध तारी." त्यांनी सप्टेंबरच्या सभेचं इतिवृत्त मागवलं आणि नाव जुळवून पाहिलं. मग आणखी दोन आकडे सांगितले. तीही नावं जुळली.

"चेअरमनसाहेब, सही करा."

"मी ह्याला बांधील नाही."

दाजी दारात होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "साहेब," तो म्हणाला, "मंगळवारी चेरमन म्हणाले होते, शुक्रवारी पाचपर्यंत कम्प्युटरमधून निघाली तर सही करीन. मी हयसरच उभा होतो. टेक्निशियन पण होता." बोलून झाल्यावर तो भिंतीला टेकला.

अधिकाऱ्यांनी पेन काढून भिकाजींपुढे धरलं. पाचला वीस मिनिटं कमी असताना सही झाली. जूनची यादी अधिकाऱ्यांनी स्वतः काढली. नवी यादी तुळसाने धरली आणि सीतेने टाचण्या मारल्या.

सोमवारी सुभद्रेच्या टेबलावर मेमो होता. आरोप चार: चेअरमनच्या आदेशाविरुद्ध वस्तू परत आणवली, लेटरहेड वापरलं, सुट्टीत ऑफिस सोडण्यास नकार दिला, विनापरवानगी बाहेरची केबल जोडली. तीन दिवसांत खुलासा द्यावा. तिने तो तीन मिनिटांत दिला. चारही गोष्टी मी केल्या आहेत, तिने लिहिलं, परवानगी मागितली नाही कारण ती मिळाली नसती. त्या खुलाशावर पुढे काही झालं नाही. पण निवडणूक होईपर्यंत तिला रोज खाली बर्फाच्या खिडकीवर बसवलं आणि ती शाल पांघरून बसली. केबल तिने बुधवारी बांद्याला नेऊन दिली, तोवर सावंतवाडीच्या तिसऱ्या दुकानदाराने तिच्यासाठी एक मागवली होती.

फेब्रुवारीत मतदान झालं. सकाळी आठची वेळ, बायका सातपासूनच रांगेत. भिकाजी कसेबसे निवडून आले, पण नव्या कमिटीने त्यांना चेअरमन केलं नाही. बायकांतून दोघी उभ्या होत्या. सीता कुबल आली. तुळसा चार मतांनी पडली.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा मांडवातून जात होती. तुळसा नेहमीच्या जागी पाटी लावून बसली होती, बांगड्यांवर सोसायटीचा बर्फ.

"वायट वाटला गो," सुभद्रा म्हणाली.

"कित्या?" तुळसाने एक बांगडा उलटून ठेवला. "चार मतां कोणाची ती माका म्हायत आसत. पाच वर्सां आसत. एकेकाच्या दारात जातलंय." आणि तिने रस्त्यावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.